कुरणात गेलेली शाळा
ताराबाई मोडक : १९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असे मनात होते. पण घंटा, पटांगणातली प्रार्थना, मधल्या सुट्टीतला डबा हे तुम्ही सगळे लिहिणारच आहात. शिवाय गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे. मेळाव्याचा निधी उरला तर त्यातून प्राथमिक विभागामागच्या मोकळ्या जागेचे काय करायचे? बहुतेकांचे म्हणणे असे की तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे पावसाळ्यातला चिखल जाईल आणि आपल्या बॅचच्या नावाची पाटीही लावता येईल. मी त्या चर्चेत आजवर काही लिहिले नाही. मोबाइलवर दोन ओळींत ते सांगता येणार नव्हते. मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. शिकवताना जिचे काम सतत डोळ्यांसमोर असे, त्या बाईंची गोष्ट इथे सांगते. पटांगणाकडे शेवटी येईन.

ताराबाई मोडक हे नाव आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेले आहे. बालवाडी म्हटले की ताराबाई, एवढे आपण पाठ केले होते. पण त्या बालवाडीपर्यंत कशा पोचल्या, आणि शहरातली नावाजलेली शाळा सोडून एका डोंगरावर का गेल्या, हे फारसे सांगितले जात नाही.

ताराबाई माहेरच्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आई उमाबाई. मुलींनी शिकावे की नाही हा वाद त्या काळी घरोघरी चाले, तेव्हा या घरात तो प्रश्न निकालात निघालेला होता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मराठी मुली किती असतील याचा अंदाज आपण करू शकतो. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. संसार मात्र टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरात लहान मुलगी. आजही अशा बाईकडे लोक कसे पाहतात ते आपण जाणतो. शंभर वर्षांपूर्वी ते किती कठीण गेले असेल! ताराबाईंनी त्यावर रडगाणे गायले नाही, त्या नोकरीच्या शोधाला लागल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

पद मोठे होते, पगार होता, मान होता. तरी १९२३ मध्ये त्यांनी ते सोडले आणि भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तिथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेत त्यांच्या हाती मॉन्टेसरीबाईंची पुस्तके पडली आणि त्यांची वकिली सुटली. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मूल स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या गतीने शिकते, हा त्यांचा विश्वास होता. ताराबाईंना तिथे गुरू मिळाला, सहकारी मिळाला आणि आयुष्यभराचे काम मिळाले. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, शिक्षणपत्रिका चालवली, शिक्षक तयार केले. मुलांना मारू नये हे पालकांना पटवून देण्यातच त्या काळी अर्धी शक्ती जात असे.

पुढे त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षण म्हणजे काय हे शिशुविहारने दाखवले. छोट्या खुर्च्या, मुलांच्या हाताला येतील अशी कपाटे, रंगीत साधने, गाणी, गोष्टी. शिक्षिकांसाठी अध्यापन वर्गही होता. पत्रिकेची मराठी आवृत्ती महाराष्ट्रातल्या आईवडिलांपर्यंत जात होती. ताराबाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

त्यांना मात्र एक गोष्ट टोचत होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. गुळगुळीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे हे सारे मापात घडवलेले असे. ज्यांच्या घरी फी भरण्याची ऐपत होती त्यांचीच मुले त्यांना हात लावू शकत होती. देशातली बहुसंख्य मुले खेड्यात होती आणि त्यांच्यासाठी यातले काहीच नव्हते. १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. हाताने काम करत, आपल्या भोवतालातून शिकावे हा तिचा गाभा. पुढे सात वर्षांखालच्या मुलांचाही विचार तिच्यात आला. ताराबाईंना मॉन्टेसरी आणि गांधीजी यांच्यात भांडण दिसले नाही. एकीकडून मुलाच्या मनाचे शास्त्र घ्यायचे, दुसरीकडून खेड्याची माती घ्यायची, असे त्यांनी ठरवले.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांचे शिबिर भरले. तिथे त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेल्या एक शिक्षिका भेटल्या. त्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा होत्या, जिद्दीने शिकलेल्या होत्या आणि खेड्यात काम करायला तयार होत्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या आणि अनुताई पस्तीस. त्याच वर्षी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्या दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

डहाणूचा तो भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. किनाऱ्याला बोर्डीसारखी गावे, चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे. पूर्वेला वळलात की डोंगर, गवताची माळराने आणि वारल्यांचे पाडे. जमिनी सावकारांच्या आणि जंगल ठेकेदारांचे. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडायला नवराबायकोने वर्षानुवर्षे मालकाकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. इथले गवत कापून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई आणि कापणाऱ्याच्या हातात नाममात्र मजुरी पडे. १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली या वेठीविरुद्ध उठले. म्हणजे ताराबाई आणि अनुताई ज्या वर्षी तिथे बालवाडी मांडत होत्या, त्याच वर्षी शेजारच्या डोंगरात माणसे ताठ उभी राहायला शिकत होती. दोन्ही कामांचे मार्ग वेगळे होते. पण पाड्यावरचे मूल वेठीला जाणारच, हे दोन्हीकडे कोणी मान्य केले नव्हते.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. विधानसभेतल्या चर्चा एकीकडे आणि नाकातून शेंबूड वाहणारी, अंगावर खरूज असलेली मुले दुसरीकडे. बालवाडीचा पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. आंघोळ, नखे, केस, थोडा खाऊ आणि मग गाणे, हा क्रम होता. मुले बालवाडीत येत नसत, कारण आईबाप पहाटेच कामाला जात आणि मुलांना आणून सोडणारे कोणी नसे. तेव्हा ताराबाईंनी साधा विचार केला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. शिक्षिका साधनांची पेटी घेऊन पाड्यावर जाई, एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घेई आणि तिथेच मुलांना गोळा करी. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव अंगणवाडी. आज देशभर सरकारी फलकावर दिसणारा हा शब्द या अंगणांतून आलेला आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा ताराबाई जाऊन दोन वर्षे झाली होती.

अंगणात भरणाऱ्या या शाळेने महाग साधनांचा प्रश्नही सोडवला. मॉन्टेसरी साधनामागचे तत्त्व सोपे आहे. वस्तूंमध्ये एकाच गुणाचा फरक ठेवायचा, मग मुलाचे लक्ष त्या गुणावर जाते. लांबी शिकवायची तर रंग आणि जाडी सारखी हवी. हे तत्त्व ठेवून लाकूड बदलता येते, हे ताराबाईंनी ओळखले. बांबूच्या कांड्या लांबीप्रमाणे लावता येतात. शंखशिंपले आकाराप्रमाणे मांडता येतात. चिंचोके, गुंजा, सागरगोटे मोजायला उत्तम. गुळगुळीत आणि खरखरीत कळायला दोन पाने पुरतात. नदीतले गोटे हातात घेतले की हलके आणि जड कळते. माती आहे, पाणी आहे, फुले आहेत. पैसे लागत नाहीत, फक्त शिक्षिकेला आजूबाजूला पाहण्याची सवय लागते. या साधनांचा आणखी एक गुण होता. मुलाला ती परकी वाटत नसत. पाड्यावरच्या मुलाला लाकडी मनोरा पाहुण्यासारखा वाटला असता. सागरगोटे त्याच्या घरचेच होते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलले. ताराबाईंचे वय पासष्ट. आपल्यातले काही जण आता त्या वयाच्या जवळ आलो आहोत, आणि गुडघेदुखीमुळे मेळाव्याला लिफ्ट असलेले सभागृह शोधतो आहोत. ताराबाईंनी त्या वयात टेकडी निवडली. बोर्डीला पाडे दूर पडत होते. कोसबादला त्या आदिवासी मुलांच्या मधोमध आल्या.

तिथे त्यांना नवा प्रश्न भेटला. बालवाडीतली मुले मोठी होऊन प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाची झाली की गळत. का गळत, हे त्यांनी घरोघर पाहिले. मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, त्याला टाकून ती येऊ शकत नसे. मुलगा गुरे वळायला जाई, कारण त्याच्या त्या कामावर घराची भाकरी असे. आपल्या शिक्षण खात्याच्या कागदावर याला मुलांची अनास्था म्हणतात. ताराबाईंनी त्याला अडचण म्हटले आणि अडचण सोडवायला घेतली.

पहिल्या अडचणीवर उत्तर निघाले विकासवाडीचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहीण वर्गात बसली की भाऊ शेजारच्या पाळण्यात. मधून तिला उठून त्याला पाहता येई. त्याहून धाडसी उत्तर होते कुरणशाळा. मुलगा गुरे घेऊन कुरणात जातो ना, मग शिक्षकानेही कुरणात जायचे. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरायची. फळा छोटा, पाटी हातात आणि उरलेले सगळे साहित्य समोर पसरलेले. एखादी गाय शेतात शिरली की विद्यार्थी उठून तिला वळवून येई आणि पुन्हा बेरजेला बसे.

मी शिकवायला लागल्यावर या कुरणशाळेचा विचार वारंवार करत असे. आपण चार भिंतींत परिसर शिकवतो. पुस्तकात झाडाचे चित्र असते, त्याचे भाग असतात, प्रश्नाखाली रिकामी जागा असते. कुरणातल्या मुलाला गवताच्या जाती ठाऊक असतात, कोणत्या पाल्याने शेळीचे पोट फुगते ते ठाऊक असते, पाऊस कुठून येणार ते तो वाऱ्यावरून सांगतो. तिथे शिक्षकाला आधी विद्यार्थ्याकडून शिकावे लागते. मुलाने नाव सांगायचे, शिक्षकाने ते लिहायला शिकवायचे. सकाळी लांब पडणारी सावली दुपारी पायाशी येते, यात दिशा आली, वेळ आली, मोजमाप आले. गुरांची मोजदाद हे गणित झाले. पाण्याची जागा का आटली, हा भूगोल झाला. आज अभ्यासक्रमात परिसर अभ्यास नावाचा विषय आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सर्व इयत्तांना द्यावे असा आदेश दिला, त्याची परिपत्रके आम्ही शाळेत फाइलला लावली. कोसबादला ते काम त्याच्या कितीतरी आधी झाडाखाली चालू होते, फक्त त्याला वेगळा तास नव्हता.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. मोठे होऊन मजुरीला लागणारी मुले लागलीच. गवत कापणीचा हंगाम आला की शाळा ओस पडणे ही त्या भागातली जुनीच रीत. वारली बोली आणि पुस्तकी मराठी यांच्यातले अंतरही मोठे. शहरातून आलेल्या माणसाला टेकडीवर राहणे सोपे नसते, उत्साहाने आलेले सगळेच टिकत नाहीत. या दोघी टिकल्या, म्हणून काम टिकले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर अनुताईंनी जवळजवळ वीस वर्षे कोसबादची धुरा वाहिली. १९९२ मध्ये त्याही गेल्या. त्यांचे कोसबादच्या टेकडीवरून हे आत्मकथन आपल्या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर निधीतून ते घ्यावे, अशी माझी पहिली सूचना समजा.

आता पटांगणाकडे येते, आणि त्याआधी एक कबुली देते.

मुख्याध्यापिका असताना माझ्या हाती एकदा शाळा सुशोभीकरणाचे पैसे आले. गावचे लोक, शिक्षक आणि मी मिळून ठरवले की मैदान पक्के करायचे. चिखल होतो, गणवेश खराब होतात, पालक तक्रार करतात, ही कारणे तेव्हाही हीच होती. सिमेंट झाले, चुन्याच्या रेषा मारल्या, पाहुणे येऊन कौतुक करून गेले. पुढच्या एप्रिलमध्ये मुले मधल्या सुट्टीत बाहेर येईनात, कारण पाय भाजत होते. पडून गुडघे फुटण्याचे प्रमाण वाढले. डबक्यातले बेडूक, मुंग्यांची वारुळे, मुलांच्या गोट्यांच्या गली हे सगळे एका पावसाळ्यात नाहीसे झाले. त्याच वर्षी तिसरीला मातीचा पाठ शिकवायचा होता. माती दाखवायला मला शेजारच्या शेतातून पिशवी भरून आणावी लागली. मुले टेबलावरच्या त्या ढिगाभोवती गोळा झाली तेव्हा मला ताराबाई आठवल्या आणि लाज वाटली. त्यांनी फुकटच्या मातीतून शाळा उभी केली होती. मी पैसे खर्च करून ती घालवली होती.

म्हणून माझी विनंती अशी आहे. चिखलाची तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. वर्गाच्या दारापासून नळापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत फरसबंद वाट करावी, पाण्याला उतार आणि एक चर द्यावा. एवढ्याने निम्मा चिखल जातो. उरलेली जागा माती म्हणूनच ठेवावी. हात धुण्याच्या नळाचे वाहून जाणारे पाणी एका वाफ्याकडे वळवावे, तिथे मुलांची परसबाग होईल आणि खिचडीला कोथिंबीर आणि पालक मिळेल. कडेने करंज, जांभूळ, बहावा अशी इथलीच झाडे लावावीत. एखादा कोपरा मुद्दाम न झाडता ठेवावा, म्हणजे तिथे पालापाचोळा कुजेल आणि गांडुळे येतील. एका झाडाखाली बसायला पार बांधावा, म्हणजे बाईंना वर्ग बाहेर आणता येईल.

याला पेव्हर ब्लॉकपेक्षा पैसे कमीच लागतील, पण माणसे जास्त लागतील. माझ्या अनुभवाने सांगते, शाळेतली झाडे पावसाळ्यात लावताना फोटोला पन्नास माणसे असतात आणि ती मरतात मे महिन्यात, सुट्टी असताना, पाणी घालायला कोणी नसल्यामुळे. तेव्हा पाटीवर नाव लावायचेच असेल तर बॅचचे लावू नका. मे महिन्यातल्या चार आठवड्यांसाठी पाणी घालणाऱ्या चार जणांची नावे लिहा. गावात राहणारे आपण बारा जण तरी आहोत. पहिल्या आठवड्यासाठी माझे नाव मी इथेच देते.

गुरुजनांना एक सांगायचे आहे. आम्ही चौथीत असताना आमच्या बाई एकदा संपूर्ण वर्ग घेऊन ओढ्यावर गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांना वरून बोलणी बसली, हे आम्हाला तेव्हाच कळले होते. ओढ्यात पाहिलेले खेकड्याचे बीळ मला आजही आठवते, त्या वर्षी पाठ केलेले बाकी काही आठवत नाही. ताराबाईंचे नाव मी कितीतरी नंतर ऐकले. पण त्यांची शाळा मी त्या दिवशी पाहिली होती.

निर्णय आपण सगळ्यांनी मिळून मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत घ्यायचा आहे. बैठकीआधी मागच्या मोकळ्या जागेत एकदा चक्कर मारून या. चपला काढून फिरलात तर अधिक चांगले.